रूट वर्ड्सवरून इंग्रजी शब्द ओळखताना या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावलं तर एखाद्या तरी टेबलावर रूट वर्ड्सची झेरॉक्स सापडतेच. डावीकडे लॅटिन धातू, मधे अर्थ, उजवीकडे चार-पाच इंग्रजी शब्द. एमपीएससीवाले, बँकेच्या परीक्षावाले, जीआरईवाले, सगळ्यांच्या हातात थोड्याफार फरकाने तीच यादी. ती पाठ करण्यात गैर काहीच नाही. फक्त दोन गोष्टी त्या झेरॉक्सवर लिहिलेल्या नसतात. एक, वेगवेगळ्या भाषांतून आलेले दोन धातू इंग्रजीत एकाच स्पेलिंगने नांदतात. दुसरी, धातू बरोबर ओळखला तरी शब्दाचा आजचा अर्थ तोच असेल याची खात्री नसते. मार्क जातात ते बहुतेक इथेच.

पेड म्हणजे पाय, पण दर वेळी नाही

लॅटिनमध्ये पाय म्हणजे ‘पेस’, त्याची षष्ठी ‘पेडिस’. आपल्या ‘पाद’चा हा सख्खा भाऊ. पेडेस्ट्रियन म्हणजे तंतोतंत पादचारी. सेंटिपीड म्हणजे शंभर पायांची गोम. पेडल आणि पेडिक्युअर तर उघडच आहेत. इंपीड म्हणजे अडथळा आणणं, कारण मूळ लॅटिन क्रियापदात पाय अडकवणं आहे. आणि एक्स्पिडाइट म्हणजे काम झटपट पुढे सरकवणं, कारण तिथे अडकलेला पाय सोडवला जातो. कचेरीतल्या फाइलवर ‘एक्स्पिडाइट’ असा शेरा असूनही पाय का सुटत नाही, हे लॅटिन सांगू शकत नाही.

इथवर यादी कामाला येते. मग पेडियाट्रिशियन येतो आणि मुलं बिनधास्त ‘पायांचा डॉक्टर’ या पर्यायावर खूण करतात. हा ‘पेड’ लॅटिन नव्हेच. ग्रीकमध्ये मूल म्हणजे ‘पाइस’, त्याची षष्ठी ‘पाइडोस’. पेडियाट्रिशियन, पेडागॉजी, एन्सायक्लोपीडिया ही सगळी त्या घरची मंडळी. ओळखायची युक्ती सोपी आहे: शब्दाचं ब्रिटिश स्पेलिंग बघा. मुलाच्या शब्दांत ‘पी’नंतर बहुतेक वेळा ‘ए’ आणि ‘ई’ अशी जोडी येते, पेडागॉजी तेवढी अपवाद. पायाच्या शब्दांत ती कधीच येत नाही. अमेरिकन स्पेलिंगने तो ‘ए’ गाळला आणि सगळा घोळ झाला.

पेडिग्री मात्र दोन्हीकडून फसवतो. वंशावळ म्हटल्यावर मूलबाळ आठवतं, पण शब्द पायाचाच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘क्रौंच पक्ष्याचा पाय’. वंशवृक्षात एका नावातून फाटे काढायची खूण त्या पक्ष्याच्या पावलासारखी दिसायची, म्हणून हे नाव.

‘होमो’चं तसंच. होमो सेपियन्स आणि होमिसाइड यांतला होमो लॅटिन, म्हणजे माणूस. होमोजिनियस, होमोनिम यांतला ग्रीक ‘होमोस’, म्हणजे समान. आपल्या ‘सम’शी त्याचं नातं आहे. ‘टेर’ही बघून घ्या. टेरिटरी, मेडिटरेनियन आणि बिल्डरच्या जाहिरातीतलं टेरेस हे जमिनीचे, ‘टेर्रा’चे शब्द. टेरर आणि टेरिबल घाबरवण्याचे. फ्लॅटची किंमत ऐकल्यावर दोन्ही एकच वाटतात, ते सोडा.

‘इन’ दिसला की ‘नाही’ लावू नका

या चुकीने खरोखर आग लागू शकते. पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ असं लिहिलेलं असतं. इनकरेक्ट म्हणजे चूक, इनव्हिजिबल म्हणजे अदृश्य, तर इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं, असा हिशोब करून लोक मोकळे होतात. पण लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, आपल्या ‘अ’ आणि ‘अन्’चा भाऊबंद. दुसरा ‘आत, मध्ये’ या अर्थाचा. ‘इन्फ्लाम्मारे’ म्हणजे पेटवणं, त्यात हा दुसरा आहे. म्हणून फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्हींचा अर्थ एकच, पटकन पेट घेणारं. गैरसमजाचा धोका ओळखूनच विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या लोकांनी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहायचा आग्रह धरला. न पेटणाऱ्यासाठी नॉनफ्लेमेबल आहे.

इनहॅबिटेबल म्हणजेही राहण्याजोगं. नकार हवा तर अनइनहॅबिटेबल असं लांबलचक म्हणावं लागतं. पुण्यात फ्रेंच शिकणारे बरेच जण आहेत, त्यांनी इथे जास्तच जपावं, कारण फ्रेंचमध्ये तेच स्पेलिंग ‘राहण्यास अयोग्य’ असा उलटा अर्थ देतं.

मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे

डेसिमेटमध्ये ‘डेकेम’ म्हणजे दहा आहे, हे खरं. रोमन सैन्यात बंड किंवा पळपुटेपणा झाला की चिठ्ठ्या टाकून दर दहांतला एक सैनिक त्याच्याच सोबत्यांकडून मारला जायचा. ती शिक्षा म्हणजे ‘डेकिमातिओ’. पण आज उताऱ्यात ‘पुराने पिकं डेसिमेट झाली’ असं आलं तर शेतकऱ्याचं नव्वद टक्के पीक वाचलं असा अर्थ काढू नका. पीक गेलं, एवढंच. मुळावर अडून बसणारे पंडित इंग्लंडातही आहेत. परीक्षकाला मात्र चालू अर्थ हवा असतो.

त्याच ‘डेकेम’चा डिसेंबर. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर म्हणजे सप्त, अष्ट, नव, दश. मग डिसेंबर बारावा कसा? याचं एक उत्तर फार फिरतं: सीझर आणि ऑगस्टस यांनी आपापल्या नावाचे महिने मधे घुसवले. तसं झालेलं नाही. ते महिने आधीपासून होते, पाचवा ‘क्विंटिलिस’ आणि सहावा ‘सेक्स्टिलिस’. इ.स.पू. 44 मध्ये पहिल्याचं नाव जुलै झालं, इ.स.पू. 8 मध्ये दुसऱ्याचं ऑगस्ट. दोन घरांचा फरक पडला तो वर्ष मार्चऐवजी जानेवारीपासून मोजू लागल्यामुळे.

आता अप्पा बळवंत चौकात चला. तिथल्या पाट्यांवर स्टेशनरीचं स्पेलिंग दोन्ही तऱ्हेने दिसतं. शेवटी ‘एआरवाय’ असेल तर स्थिर, न हलणारं. ‘ईआरवाय’ असेल तर वह्या-पेनं. गंमत अशी की मूळ एकच. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्टॅशनारियुस’ म्हणजे फिरस्ता नसलेला, ठरलेल्या जागी दुकान मांडून बसणारा विक्रेता. विद्यापीठांजवळचे पुस्तकविक्रेते असे असत. म्हणजे मूळ सांगून स्पेलिंग लक्षात राहत नाही. त्यापेक्षा एन्व्हलपमधला ‘ई’ धरा.

सुपरसीडमध्ये उलट आहे, तिथे मूळच स्पेलिंग वाचवतं. प्रिसीड, रिसीड, कन्सीड यांत ‘केडेरे’ म्हणजे जाणं, सरकणं, म्हणून ‘सी’ अक्षर. सुपरसीडमध्ये ‘सेडेरे’ म्हणजे बसणं, म्हणून ‘एस’. सदन आणि संसद यांतला ‘सद्’ तो हाच. शासन निर्णयात ‘आधीचा निर्णय अधिक्रमित करण्यात येत आहे’ असं येतं ना, तिथे नवा निर्णय जुन्याच्या डोक्यावर बसतो. स्पेलिंग चुकणार नाही.

अनेकवचनाचा थाट

‘मी फर्ग्युसनचा अ‍ॅल्युम्नाय आहे’ हे वाक्य 1885 सालच्या त्या कॉलेजाइतकं जुनं नसलं तरी आता सगळीकडे ऐकू येतं. एकटा मुलगा असेल तर अ‍ॅल्युम्नस, मुलगी असेल तर अ‍ॅल्युम्ना. अ‍ॅल्युम्नाय म्हणजे अनेक. धातू ‘अलेरे’, पोसणं. त्यातूनच ‘अल्मा मातेर’, पोसणारी माता, आणि घटस्फोटातली अ‍ॅलिमनीसुद्धा.

आणि दर ‘अस’चं अनेकवचन ‘आय’ करू नका. ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. 1820च्या दशकात फ्रान्समध्ये सर्वांसाठीच्या घोडागाडीला हे नाव पडलं, आणि इंग्रजीने त्याचं शेपूट तेवढं ठेवलं, बस. लॅटिन व्याकरणात ‘बुस’ हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे. संस्कृतातल्या ‘सर्वेभ्यः’मधल्या ‘भ्यः’चा नातलग. म्हणजे स्वारगेटला आपण ज्याची वाट बघत उभे राहतो तो नुसता प्रत्यय आहे.

संस्कृत येतं म्हणून सुटू नका

पुणेकरांची ही खास चूक, म्हणून जरा थांबतो. 1786 साली भाषाभ्यासक विल्यम जोन्सने कलकत्त्यात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एखाद्या समान मुळातून फुटल्या असाव्यात. म्हणजे त्या बहिणी आहेत. यावरून ‘लॅटिन संस्कृतातून निघाली’ असं म्हणणं ही पहिली चूक. कानाला सारखं लागलं की नातं जोडून टाकणं ही दुसरी. ‘व्हॅटिकन म्हणजे वाटिका’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हीही वाचलं असेल. व्हॅटिकन हे रोममधल्या एका टेकडीचं, ख्रिस्ती धर्माच्याही आधीचं नाव आहे.

नातं ठरतं ते ध्वनी नेमाने जुळण्यावरून. लॅटिनमध्ये ‘क’ असेल तिथे संस्कृतात अनेकदा ‘श’ येतो: केंटुम-शतम्, डेकेम-दश. हा नेम लावला की लॅटिन ‘क्रेडो’ आणि आपली ‘श्रद्धा’ एका कुळातल्या निघतात, जे नुसतं ऐकून कुणाला सुचणार नाही. क्रेडिट कार्ड देणाऱ्याची आपल्यावर श्रद्धा असते, व्याजासकट. लॅटिन ‘क्व’ असेल तिथे अनेकदा ‘च’: क्वात्तुओर-चत्वारः, आणि क्विंक्वे-पञ्च यांतला शेवटचा ‘क्व’.

उलट बाजूची दोन उदाहरणं लक्षात ठेवा. लॅटिन ‘देउस’ आणि आपला ‘देव’ नात्यातले. पण ग्रीक ‘थेओस’, ज्यातून थिऑलॉजी आली, तो दिसायला जवळचा असूनही परका. आणि ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ व इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळजवळ एक, अर्थ एक, संबंध शून्य.

अडलात तर मेरियम-वेब्स्टरच्या नोंदीत खाली ‘एटिमॉलॉजी’ किंवा ‘वर्ड हिस्टरी’ बघा. तिथे शब्द लॅटिनचा की ग्रीकचा हे पहिल्याच ओळीत कळतं. मगच यादीतला धातू लावा.

जाता जाता

एएम म्हणजे ‘आफ्टर मिडनाइट’ नव्हे. ‘आंते मेरिदिएम’, मध्यान्हापूर्वी. हा ‘आंते’ आधीचा, आणि ग्रीक ‘अँटी’ विरोधाचा. पण अँटिसिपेटमध्ये स्पेलिंग अँटीचं असलं तरी अर्थ ‘आधी’चा आहे. इंटर म्हणजे दोहोंमधलं, इंट्रा म्हणजे आतल्या आत. पुण्याहून बेळगावला माल पाठवला तर इंटरस्टेट, आयजीएसटी लागतो. नाशिकला पाठवला तर इंट्रास्टेट, सीजीएसटी आणि एसजीएसटी. आणि ‘एक्सेट्रा’ असा शब्दच नाही. ‘एट सेटेरा’, आणि बाकीचं. ‘एट’ म्हणजेच ‘आणि’, त्यामुळे त्याच्याआधी आणखी एक ‘अँड’ नको.