ओढ्यातले किडे मुलांकडून कसे मोजून घ्यावेत

मुलांना ओढ्याकाठी उभं करून ‘पाणी वाचवा’ यावर भाषणच द्यायचं असेल, तर एवढी पायपीट कशाला? ते वर्गातही होतं. ओढ्यावर जायचं ते मोजायला. दगडांखाली राहणारे किडे कित्येक महिने त्याच पाण्यात काढतात, त्यामुळे मधल्या काळात त्या पाण्याने काय सोसलं ते त्यांच्यावरून कळतं. बाटलीत भरलेला नमुना फक्त बाटली भरली त्या क्षणाचं सांगतो. दहा वर्षांपुढची मुलं हे काम व्यवस्थित करतात. त्याहून लहानांना पाहू द्या, मोजणी त्यांच्यावर सोडू नका.

सामान थोडंच लागतं: दोन काठ्यांना ताणून बांधलेली मीटरभर जाळी, दोन पांढरे पसरट ट्रे, बर्फाचा ट्रे, प्लास्टिकचे चमचे, मऊ ब्रश, दहापट मोठं दाखवणारं भिंग, थर्मामीटर, बादली आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर शाई फुटते. जाळीचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरचं असावं. मच्छरदाणीच्या कापडावर भागवता येतं, पण त्यातून बारीक अळ्या निसटतात. वापरायचंच असेल तर दरवेळी तेच वापरा, नाहीतर दोन मोजण्यांची तुलना करता येणार नाही.

पाणी सगळ्यात बुटक्या मुलाच्या गुडघ्याच्या वर नको. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. पायात बंद बूट, जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, खाण्याआधी साबणाने हात. सांडपाण्याचा वास येत असेल तर मुलांना उतरवूच नका. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर सामान तिथेच टाकून सगळ्यांनी बाहेर. मोठा पूर येऊन गेला असेल तर किमान दोन आठवडे थांबा, कारण पुराने किडे वाहून गेलेले असतात आणि रिकामी जाळी बघून मुलं भलताच निष्कर्ष काढतात.

जागा निवडायची ती गोट्यांवरून खळखळत जाणारी उथळ. तिथे हवा पाण्यात मिसळते आणि नखरेल किडे तिथेच राहतात. डोहात जाळी घालून ‘काहीच नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. खालून सुरुवात करून वरच्या अंगाला सरकत जा.

जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभी धरा आणि तिची कड दगडांनी तळाशी दाबा. एका मुलाने जाळीच्या पुढ्यात, अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात, बुटाने तळ ढवळायचा. दुसऱ्याने मोठे गोटे हाताने चोळायचे. घड्याळ लावून एक मिनिट. मग प्रवाहाच्या उलट दिशेने, वर ओढत जाळी उचलायची. तीन ठिकाणी हेच. एवढ्यावर मुलं खूश असतात आणि इथपर्यंत कुणाचं काही चुकतही नाही.

घोळ होतो तो ट्रेपाशी.

पहिली चूक म्हणजे जाळीतलं सगळं एकदम ट्रेमध्ये उलटं करणं. गाळ, पाला, वाळू यांचा काला होतो, मुलं दोन मिनिटं बघतात आणि ‘यात काही नाहीये’ म्हणून उठतात. यासाठी तळ ढवळण्याच्या आधीच बादलीत स्वच्छ पाणी भरून ठेवायचं. ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर पाणी घ्या, जाळीतला मूठभरच ऐवज टाका, आणि मग तीन मिनिटं कुणीही ट्रेला हात लावायचा नाही, बोलायचंही नाही. गाळ बसतो. मग वाळूचा एक कण सरकतो. काडीचा तुकडा वाटत होता तो चालू लागतो, कारण ते कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याच्या अळीने स्वतःभोवती बांधलेलं घर असतं. ही तीन मिनिटं गप्प बसणं मुलांपेक्षा शिक्षकांना अवघड जातं, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरी चूक ऊन. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. उथळ ट्रे उन्हात ठेवलात तर सगळ्यात नाजूक किडे आधी मरतात, आणि जगवायला शिकवायला आणलेल्या मुलांसमोर तुम्ही ते मारलेले असतात. ट्रे सावलीत, पाणी दर दहा मिनिटांनी बदलायचं. चतुराची पिल्लं दिसताक्षणी बर्फाच्या ट्रेच्या वेगळ्या खणात टाका; ती शेजाऱ्यांना खातात.

तिसरी आणि सगळ्यात वाईट चूक: मोठ्यांनी नाव सांगून टाकणं. नाव कळलं की मूल बघणं थांबवतं. आधी चित्र काढायला लावा आणि तीनच प्रश्न विचारा: पाय किती, शेपट्या किती, श्वास कुठून घेतोय? नाव त्यानंतर.

नुसत्या शेपट्यांवर विसंबू नका. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या किड्यांची पिल्लं पाण्यात वाढतात आणि मोठी झाली की उडून जातात. मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन शेपट्या असतात, काहींना दोनच. स्टोनफ्लायला दोन. टाचणीच्या (चतुराच्या बारीक अंगाच्या नातलगाच्या) पिल्लालाही मागे तीन असतात, पण त्या पानासारख्या चपट्या, म्हणजे खरं तर कल्ले. त्यातून चिमटीत पकडलं की शेपटी तुटते आणि तीनच्या दोन होतात. म्हणून ब्रशच वापरायचा. खरी खूण कल्ल्यांची. मेफ्लायच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना ते पिसांसारखे किंवा पापुद्र्यांसारखे असतात, पुष्कळांचे फडफडताना दिसतात. स्टोनफ्लायच्या पोटाच्या बाजूंना तशी रांग नसते, असलेच तर पायांच्या मुळाशी झुबके. भिंगाखाली पाहा: मेफ्लायच्या पायाला एक नखी, स्टोनफ्लायच्या दोन.

‘मेफ्लाय सापडला, म्हणजे पाणी शुद्ध’ हे सर्रास दिलं जाणारं उत्तर चुकीचं आहे. बीएमडब्ल्यूपी ही किड्यांवरून पाण्याची प्रत ठरवायची, ब्रिटनमध्ये तयार झालेली पद्धत. तिच्यात किड्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात; घाण जितकी कमी सोसते तितके गुण जास्त. दगडाला चिकटून राहणाऱ्या चपट्या मेफ्लायच्या कुळाला १०, पण माशासारखं सुळकन पोहणाऱ्या बारीक मेफ्लायच्या कुळाला फक्त ४. कायरोनोमिड (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या) अळ्यांना २, गांडुळासारख्या कृमींना १. या अळ्यांपैकी लालभडक असतात त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू संपत आलेल्या गाळातही त्या निभावतात. सापडलेल्या कुळांच्या गुणांची बेरीज करा आणि कुळांच्या संख्येने भागा. ती सरासरी नोंदवायची. एका कुळाचे गुण एकदाच, मग त्यातला एक सापडो की पन्नास. हे गुण त्या प्रदेशातल्या किड्यांवरून ठरलेले आहेत, त्यामुळे दुसऱ्या प्रदेशातल्या ओढ्याशी आकडा ताडून बघू नका. आपल्याच ओढ्याच्या मागच्या आकड्याशी ताडा. पाण्यावर चालणारे आणि वर येऊन हवा घेणारे किडे बाजूला ठेवा, पाण्यातल्या प्राणवायूबद्दल त्यांची साक्ष चालत नाही.

नोंदीत तारीख, वेळ, तापमान, किती मिनिटं ढवळलं आणि काय किती सापडलं एवढं हवं. किडे जिथून घेतले तिथेच, ट्रे पाण्याला टेकवून सोडा. गोटे पूर्वी होते तसेच, तीच बाजू खाली करून ठेवा. जाळी पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या ओढ्यात घालू नका, तिच्यातून अंडी आणि पाणवनस्पतींचे तुकडे प्रवास करतात.

एकदाच गेलात तर ती सहल झाली. वर्षातून निदान तीनदा त्याच जागी, तीच जाळी, तेवढीच मिनिटं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मुलं स्वतःच विचारू लागतात की मागच्या वेळचे चपटे मेफ्लाय कुठे गेले. तेव्हा उत्तर देऊ नका. ओढ्याला कुठे नाला मिळत असेल तर त्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे सारख्याच खळखळत्या जागी मोजणी लावा. दोन आकड्यांत फरक पडला आणि पुढच्या खेपेलाही तो टिकला, तर स्थानिक प्रशासनाला पत्र मुलांनीच लिहावं. त्यात ‘पाणी फार घाण झालंय’ असं वाक्य आलं तर खोडायला लावा आणि तिथे दोन्ही जागांच्या तारखा, मिनिटं आणि सरासरी लिहायला सांगा.