जुन्या गाडीचे टेल लाइट मिणमिणतात? या चुका टाळा

जुन्या गाडीचा टेल लाइट मंद दिसला की बहुतेक जण आधी बल्ब बदलतात, मग दोन्ही बाजूंचे बल्ब बदलतात आणि शेवटी वैतागून एलईडी आणतात. बिचाऱ्या बल्बचा यात क्वचितच दोष असतो. बॅटरीपासून निघालेले व्होल्टेज वाटेत कुठेतरी खाल्ले जाते आणि बल्बपर्यंत पोहोचेतो त्यात दम उरत नाही.

हे थोडे-थोडके व्होल्टेज इतके महाग का पडते, ते आधी बघू. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप वेगाने पडतो. १० टक्के व्होल्टेज घटले की उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो आणि २० टक्के घटले की निम्मासुद्धा राहत नाही. ६ व्होल्टच्या गाड्यांची गत तर आणखी वाईट. २१ वॉटचा ब्रेक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, तोच ६ व्होल्टवर साडेतीन. करंट दुप्पट आणि हाताशी व्होल्टेज निम्मे, त्यामुळे एकाच गंजक्या जोडाचा फटका ६ व्होल्टच्या गाडीला जवळजवळ चौपट बसतो. ‘सहा व्होल्टचे दिवे असेच असतात’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा. नवी असताना ती गाडी अशी नव्हती.

बल्ब काढून व्होल्टेज मोजणे

सगळ्यात जास्त दिशाभूल करणारी चूक हीच. बल्ब काढला, होल्डरमध्ये मल्टिमीटरची (व्होल्टेज मोजायच्या मीटरची) टोके, म्हणजे प्रोब, टेकवले, १२.४ व्होल्ट दिसले आणि ‘वायरिंग ठणठणीत’ असा निकाल दिला. मल्टिमीटर नावापुरताच करंट घेतो. करंट वाहत नसेल तर खराब जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून मोजायचे ते बल्ब पेटलेला असतानाच.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, टेल लाइट लावा आणि कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. करंट जास्त असला की दोष लपत नाही. आता एक प्रोब बॅटरीच्या अर्थकडच्या, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या खांबावर टेकवा. क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच, कारण क्लॅम्प आणि खांब यांच्यातच घाण साचलेली असू शकते. दुसरा प्रोब बल्बच्या पितळी टोपीवर धरा. आकडा ०.१ किंवा ०.२ आला तर अर्थ ठीक आहे. ०.५ च्या पुढे गेला तर चोर अर्थच्या बाजूला आहे. मग हाच खेळ दुसऱ्या बाजूने: एक प्रोब बॅटरीच्या उरलेल्या खांबावर, दुसरा बल्बच्या बुडाशी टेकणाऱ्या कॉन्टॅक्टवर. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्यावे. ही मर्यादा १२ व्होल्टच्या गाडीची, ६ व्होल्टला त्याच्या निम्मीच धरा.

एक सावधगिरी. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. काळी वायर म्हणजे अर्थ असे गृहीत धरू नका. बॉडीकडे जाणारी जाड केबल किंवा पट्टी कुठल्या खांबाला आहे ते डोळ्यांनी बघा.

बॉडी आहे म्हणजे अर्थ आहे असे मानणे

बहुतेक जुन्या गाड्यांत दिव्यापर्यंत वेगळी अर्थ वायर येतच नाही. करंट बल्बच्या टोपीतून होल्डरमध्ये, तिथून दिव्याच्या पत्र्यात, मग स्क्रूमधून बॉडीत आणि तिथून बॅटरीकडे परततो. या वाटेवर गंज धरलेला एक रिव्हेट पुरतो. त्यातून गाडी नव्याने रंगवलेली असेल तर विचारूच नका. पत्र्यावर जाड पावडर कोटिंग, खाली नवे रबर गॅस्केट, वर चकाचक नवा स्क्रू. दिसायला राजेशाही, आणि वीज जाणार कुठून? ‘रंगकाम झाल्यापासून दिवे मंद झाले’ असे कोणी म्हणाले की मला पुढचे काही विचारावे लागत नाही.

आणखी एक खूण: ब्रेक दाबला की टेल लाइट उजळायच्या ऐवजी मंद होतो, किंवा इंडिकेटरबरोबर टेल लाइटही लुकलुकतो. अर्थची वाट बंद झाल्यावर करंट शेजारच्या फिलामेंटमधून परतीचा रस्ता शोधतो, त्याचा हा प्रताप.

उपाय साधा आहे. होल्डरच्या पत्र्यापासून थेट चॅसिसच्या बोल्टपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर ओढा. बोल्टखालचा रंग चमकता धातू दिसेपर्यंत खरवडा, स्टार वॉशर (दातेरी वॉशर) घाला, आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. हा क्रम उलटा करू नका. मळलेल्या जोडावर ग्रीस थापले की मळ आत सुरक्षित राहतो, बाकी काही होत नाही. वायर दिव्याच्या पत्र्याला जोडून थांबू नका. होल्डर आणि पत्रा यांच्यातला रिव्हेटच गंजलेला असेल तर सगळी मेहनत वाया जाते.

फ्यूज आणि कनेक्टर विसरणे

बॅटरीकडून बल्बकडे येणाऱ्या वाटेवर व्होल्टेज खाल्ले जाताना दिसले तर एक प्रोब बॅटरीवरच ठेवून दुसरा एकेक जोड पुढे सरकवत न्या. आकडा जिथे उडी मारतो तिथे दोष. काचेच्या फ्यूजच्या चिमट्या सैल आणि काळ्या पडलेल्या असतात, वायरी जोडणारे गोळीच्या आकाराचे बुलेट कनेक्टर आतून हिरवे झालेले असतात, ब्रेकच्या स्विचचे कॉन्टॅक्ट जळालेले असतात. दिवे दहा मिनिटे चालू ठेवून बोटाने चाचपा. जो जोड कोमट लागेल तोच उजेड खातोय.

होल्डरमध्येही डोकवा. तळाची स्प्रिंग मेलेली असते, बल्बच्या बुडाचे शिशाचे ठिपके चेपून सपाट झालेले असतात. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. जोरात घासले तर कल्हई निघून जाते आणि गंज दुप्पट वेगाने परततो.

जास्त वॉटचा बल्ब ठोकणे

५ वॉटच्या जागी १० किंवा २१ वॉट लावला की उजेड वाढतो खरा. पण करंट वाढल्याने खराब जोडावरचे नुकसानही वाढते, प्लॅस्टिकची लाल लेन्स उष्णतेने वाकते, आणि टेल व ब्रेक लाइटमधला फरकच नाहीसा होतो. मागच्याला तुम्ही ब्रेक लावला हे कळणार कसे? हे सरळ धोक्याचे आहे.

२१/५ वॉटच्या दुहेरी बल्बच्या दोन पिना मुद्दाम वरखाली दिलेल्या असतात. जबरदस्तीने उलटा बसवला तर ब्रेकचे फिलामेंट टेलला आणि टेलचे ब्रेकला लागते. बल्बवर छापलेले व्होल्टही वाचा. २४ व्होल्टचा बल्ब १२ वर त्याच्या उजेडाचा दहावा हिस्साही देत नाही, आणि खोक्यात तो हुबेहूब सारखाच दिसतो.

रिफ्लेक्टरकडे काणाडोळा, एलईडीवर भिस्त

लेन्स आतून साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोल किंवा थिनर लावाल तर प्लॅस्टिकवर बारीक तडे जातील. काळवंडलेल्या रिफ्लेक्टरला चकचकीत चंदेरी रंगाचा हात दिला तरी फरक डोळ्यांत भरतो.

एलईडी वाईट नाहीत, पण वायरिंग सुधारल्यावरच लावा. लाल लेन्सच्या मागे लाल एलईडीच घ्या, पांढऱ्यातला बराचसा प्रकाश लाल काच अडवते. मात्र त्याच दिव्याच्या पारदर्शक खिडकीतून नंबर प्लेट उजळत असेल तर लाल एलईडीने प्लेटही लाल होईल. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत तो चालेल का, ते विकत घेताना विचारा. इंडिकेटरलाही एलईडी लावले तर इंडिकेटर लुकलुकवणारा जुना, उष्णतेवर चालणारा फ्लॅशर बहुधा लुकलुकायचा थांबेल.

मॅग्नेटोवर चालणाऱ्या दुचाकी

मॅग्नेटो म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज देणारे यंत्र. इथे दिवे एसीवर असतील तर मीटरही एसीवर हवा. रेस वाढवली की उजळणे आणि आयडलला मिणमिणणे हा त्यांचा स्वभाव आहे, दोष शोधत बसू नका. पण अशा गाडीत व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नसेल तर सगळ्या बल्बच्या वॉटची बेरीज मूळ हिशेबाइतकीच ठेवावी लागते. हेडलाइटचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याचे सगळे टेल लाइटवर येते आणि तोही पाठोपाठ जातो. टेल लाइट सारखा उडत असेल तर नवा बसवण्याआधी पुढचा दिवा आणि त्याचा स्विच तपासा.