सीईटी, जेईई की नीट? निवड कशी करायची आणि सीईटीची तयारी कशी करायची

बारावी सायन्सला गेलं की पहिला प्रश्न परीक्षेचा येतो, पण उलट क्रमाने विचार केला तर निम्मा गोंधळ कमी होतो. आधी प्रवेश कुठे हवा ते लिहून काढा, परीक्षा आपोआप ठरते.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधल्या बहुतेक जागा राज्याच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतून भरतात, आणि त्यासाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुप लागतो. काही जागा ऑल इंडिया कोट्यात असतात आणि त्या जेईई मेनच्या गुणांवर जातात. नागपूरचं व्हीएनआयटी, इतर एनआयटी, पुणे आणि नागपूरची ट्रिपलआयटी यांसाठी जेईई मेन हवी. आयआयटीसाठी मेनमधून पुढे जाऊन जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागते. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांना नीटशिवाय दुसरा रस्ता नाही. बी.फार्म.ला सीईटीचा पीसीएम किंवा पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी), कोणताही ग्रुप चालतो. कृषी पदवीचं दारही सीईटीतूनच उघडतं. म्हणून नीटची तयारी करणाऱ्याने पीसीबीची सीईटी जरूर द्यावी. अभ्यास बराचसा तोच असतो आणि हातात दुसरा पर्याय राहतो.

पीसीएमबी (मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही) घेतलेल्यांनी फॉर्म भरताना ग्रुप नीट बघावा. पीसीएम आणि पीसीबी या दोन स्वतंत्र परीक्षा आहेत, वेगळ्या दिवशी होतात. एकाच ग्रुपवर टिक केली तर दुसरी परीक्षा देता येत नाही, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात हॉल तिकीट आल्यावर येतं.

आता तिन्ही परीक्षांचा साचा बघू, कारण तयारी साच्यावरून ठरते. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न, ३०० गुण, ३ तास. प्रत्येक विषयाचे २० बहुपर्यायी आणि ५ आकडा टाइप करायचे प्रश्न, बरोबरला ४, चुकीला उणे १. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, १८० मिनिटं. गुणांचा हिशेब तोच, पण पेपर कागदावर आणि उत्तरं ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर. सीईटी संगणकावर होते: फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, प्रत्येकी १ गुण, दोन्ही मिळून ९० मिनिटं. त्यानंतर मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं. एकूण २००. पीसीबीला मॅथ्सच्या जागी बायोलॉजीचे १०० प्रश्न, १ गुणाचे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

या आकड्यांना जरा भागून बघा. जेईईत एका प्रश्नाला सरासरी २ मिनिटं २४ सेकंद मिळतात. सीईटीच्या मॅथ्सला १०८ सेकंद. आणि फिजिक्स-केमिस्ट्रीला ५४ सेकंद. सीईटी ही वेगाची परीक्षा आहे. जेईईचा अभ्यास करतोय म्हणजे सीईटी होऊनच जाईल, असं धरून चालणारी हुशार मुलं इथे घसरतात, कारण त्यांना प्रश्न नीट मांडून पायरीपायरीने सोडवायची सवय असते. उत्तर येतं, पण ५४ सेकंदांत येत नाही.

दुसरं कारण अभ्यासक्रमात आहे. सीईटी स्टेट बोर्डाच्या पुस्तकांवर चालते. बारावीच्या केमिस्ट्रीतला पहिलाच धडा सॉलिड स्टेट आहे. तो जेईई मेन आणि नीटमधून काढलेला आहे, सीईटीत मात्र आहे. पॉलिमर केमिस्ट्री आणि ग्रीन केमिस्ट्रीचे धडे तसेच. मॅथ्समध्ये मॅथेमॅटिकल लॉजिक आणि लिनिअर प्रोग्रामिंग जेईईच्या क्लासमध्ये शिकवलेच जात नाहीत, सीईटीत त्यांवर हमखास प्रश्न येतात, आणि तेही सोपे. अकरावीच्या केमिस्ट्रीतला ॲडसॉर्प्शन अँड कोलॉइड्स यांतलाच. जेईई किंवा नीट धरून चालणाऱ्याने या धड्यांची एक वेगळी वही करावी आणि ती दिवाळीच्या सुट्टीत संपवावी. एप्रिलसाठी ठेवलं तर होत नाही.

सीईटीत अकरावीचं वजन २० टक्के आहे, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स प्रत्येकात ५० पैकी १० प्रश्न. मॅथ्सचे प्रश्न २ गुणांचे असल्याने अकरावीचे एकूण ४० गुण होतात. पण सगळी अकरावी नाही, निवडक धडेच. यादी परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असते, ती छापून टेबलासमोर लावा. बायोलॉजीत तर हा हिशेब फारच फायद्याचा आहे: अकरावीचे फक्त चार धडे (बायोमॉलिक्यूल्स, रेस्पिरेशन अँड एनर्जी ट्रान्सफर, ह्युमन न्यूट्रिशन, एक्स्क्रीशन अँड ऑस्मोरेग्युलेशन) आणि त्यांवर २० प्रश्न. म्हणजे धड्यामागे सरासरी ५ गुण. हे चार धडे ओळ न् ओळ वाचलेले असले पाहिजेत, आकृत्यांखालच्या नावांसकट.

वेग कसा येतो? पाठांतराने थोडा, आणि प्रश्नातली खूण ओळखण्याने बराचसा. एक उदाहरण घेऊ. निश्चित संकलन आहे, सीमा २ ते ५. अंशात वर्गमूळ क्ष, छेदात वर्गमूळ क्ष अधिक वर्गमूळ (७ वजा क्ष). बोर्डाच्या पेपरात हे चार गुणांना येतं आणि आठ-दहा ओळी लिहाव्या लागतात. सीईटीत फक्त एवढं बघायचं: दोन्ही सीमांची बेरीज ७, आणि छेदात ७ वजा क्ष आहे. म्हणजे क्षच्या जागी ७ वजा क्ष घातलं की मिळणारं फल आणि मूळ फल यांची बेरीज १ होते, आणि उत्तर सीमांमधल्या अंतराच्या निम्मं. ५ वजा २ म्हणजे ३, उत्तर दीड. पंधरा सेकंद. पण ही युक्ती का चालते हे आधी वहीत पूर्ण सोडवून समजलेलं हवं. नुसती युक्ती पाठ केली की छेदात ७ ऐवजी ८ आलं तरी मुलं दीडच लिहितात.

केमिस्ट्रीतही तसंच. प्रथम कोटीची अभिक्रिया ९९.९ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ? लॉग घेत बसू नका. दर अर्धायुष्य काळात उरलेला भाग निम्मा होतो. दहा वेळा निम्मं केलं की १०२४ वा भाग उरतो, म्हणजे साधारण ०.१ टक्का. उत्तर दहा अर्धायुष्य काळ. ७५ टक्क्यांना दोन. कॅल्क्युलेटर मिळत नाही, त्यामुळे २, ३, ५, ७ यांचे लॉग, २० पर्यंतचे वर्ग, १२ पर्यंतचे घन आणि २ व ३ ची वर्गमुळं जिभेवर हवीत.

पेपरात वेळ कसा वाटायचा याचा एक क्रम आम्ही ठामपणे सुचवू. पहिल्या ९० मिनिटांत आधी केमिस्ट्री, ३५ मिनिटांत. इथले बरेच प्रश्न येतात किंवा येत नाहीत, विचार करून फरक पडत नाही. उरलेली ५५ मिनिटं फिजिक्सला, कारण तिथे आकडेमोड आहे. ही ९० मिनिटं संपली की तो भाग बंद होतो आणि मॅथ्स सुरू होतं. मागे जाता येत नाही, इकडचा वाचवलेला वेळ तिकडे नेता येत नाही. मॅथ्समध्ये दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत, ५५ मिनिटांत, सगळे ५० प्रश्न वाचायचे आणि जो दिसताक्षणी सुटेल तोच सोडवायचा. ३० सेकंदांत वाट सापडली नाही तर खूण करून पुढे. दुसरी फेरी खूण केलेल्या प्रश्नांची. शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर द्या. १२ प्रश्न रिकामे असतील तर अंदाजाने सरासरी ३ बरोबर येतात, म्हणजे ६ गुण. प्रत्येक विषयात हेच करायचं.

जेईई आणि नीटमध्ये मात्र हात आखडता घ्या. तिथे डोळे मिटून ठोकलेल्या उत्तराचा सरासरी फायदा पाव गुण, म्हणजे नगण्य. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर तो दीड गुण होतो. तेव्हा उत्तर द्यावं.

मॉक टेस्ट देताना ९० आणि ९० मिनिटं सलग, मध्ये न उठता, संगणकावर द्या. कागदावर सराव करून संगणकावर परीक्षा दिली की डोळे स्क्रीनवर आणि हात रफ शीटवर, यात प्रश्न उतरवून घेताना आकडे चुकतात. रफ कामात प्रश्नाचा क्रमांक घालायची सवय लावा, नाहीतर दुसऱ्या फेरीत अर्धं सोडवलेलं सापडत नाही. प्रत्येक मॉकनंतर चुका तीन खात्यांत टाका: संकल्पना माहीत नव्हती, माहीत होती पण आकडेमोड चुकली, आणि वेळ पुरला नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला पुस्तक, दुसऱ्याला रोज वीस मिनिटं फक्त आकडेमोड, तिसऱ्याला प्रश्न सोडून द्यायचा सराव. नुसते गुण लिहून पुढची मॉक देणाऱ्याचे गुण तिथेच फिरत राहतात. दोन मॉकच्या मध्ये किमान दोन दिवस ठेवा.

वर्षाचा आराखडा साधा ठेवा. दिवाळीपर्यंत बारावीचे धडे, रोज त्या धड्याचे तीस-चाळीस बहुपर्यायी प्रश्न. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, दुसरं एप्रिलमध्ये. प्रॅक्टिकल आणि बोर्डाच्या परीक्षेच्या काळात प्रवेश परीक्षेचा अभ्यास जवळजवळ बंद ठेवलेला बरा. इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये किमान ४५ टक्के (राज्यातल्या आरक्षित प्रवर्गांना ४०) लागतात, आणि एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या बोर्डात सर्वाधिक गुणांच्या वरच्या २० टक्के मुलांत असणं. बोर्ड बाजूला सारून चालत नाही. बोर्ड संपल्यावरचे आठवडे पूर्णपणे सीईटीचे. २०२६ पासून पीसीएम आणि पीसीबीसाठी दोन संधी आहेत, दुसरी ऐच्छिक, आणि दोन्हींतला चांगला निकाल धरला जातो. तरी पहिली परीक्षा अंदाज घेण्यासाठी म्हणून देऊ नका.

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. तुमच्या शिफ्टमधल्या ९० टक्के मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी आहेत, एवढाच अर्थ. शिफ्टनुसार पेपर सोपा-अवघड असतो, म्हणून मैत्रिणीला १२० आणि मला ११५ ही तुलना शिफ्ट एकच असेल तरच करा. पेपर अवघड गेला म्हणून घरी रडारड करण्यात अर्थ नाही, तो सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो.

भाषेबद्दल: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीत घेता येतात, मॅथ्स फक्त इंग्रजीत. बारावी ज्या भाषेत शिकलात तीच निवडा. आयत्या वेळी भाषा बदलली की पारिभाषिक शब्दांवर अडखळायला होतं.

आणि कागदपत्रं. फॉर्मवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच हवं. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकावा, समितीकडे महिने लागतात. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे मुदत संपलेलं प्रमाणपत्र जूनमध्ये उपयोगाचं नसतं. एप्रिल उजाडला की नवीन काढायला टाका, कारण निकालानंतर सेतू केंद्रावर सगळा तालुका रांगेत असतो.