जुन्या गेम कन्सोलचा पर्यायी आराखडा कसा मांडावा

नव्वदच्या दशकात नागपूरच्या घरांत टीव्हीला जोडले जाणारे कॅसेटवाले व्हिडिओ गेम बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला असत. १९८३ च्या जुलैत जपानमध्ये आलेले हे यंत्र पर्यायी रचनेच्या, म्हणजे तेच यंत्र वेगळ्या प्रकारे कसे घडवता आले असते याच्या, अभ्यासासाठी मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्याची चित्र-चिप कोणत्या क्षणी काय करते हे आज बारकाईने माहीत आहे. सीताबर्डीच्या बाजारात एखादी जुनी नक्कल मिळालीच, तरी तिच्यात सारे काही काळ्या इपॉक्सीच्या गोळ्याखाली दडलेले असू शकते. म्हणून अभ्यास मूळ चिपच्या वेळापत्रकावरूनच करावा.

आरंभी एक बंधन पाळावे: घड्याळाचा आणि मेमरीचा वेग वाढवायचा नाही. वेग दुप्पट केला की विचार करण्यासारखे फारसे उरत नाही. मग एकच मर्यादा निवडावी. फॅमिकॉममध्ये पडद्याच्या एका ओळीवर ८ पेक्षा अधिक स्प्राइट, म्हणजे पार्श्वभूमीवर हलणारी छोटी चित्रे, दिसत नाहीत, म्हणून गर्दीत पात्रे लुकलुकतात. ही मर्यादा १६ वर नेता येईल का?

वहीत एका ओळीचे वेळापत्रक मांडावे. ओळीला ३४१ डॉट, म्हणजे चित्र-चिपच्या घड्याळाचे ठोके, लागतात. पहिल्या ६४ डॉटांत ओळीवर येणाऱ्या स्प्राइटांची ३२ बाइटांची तात्पुरती यादी पुसली जाते. पुढच्या १९२ डॉटांत सर्व ६४ स्प्राइट तपासले जातात. ओळीवर न येणाऱ्याला २ आणि येणाऱ्याला ८ डॉट लागतात. त्यानंतरच्या ६४ डॉटांत निवडलेल्या स्प्राइटांची चित्रे वाचली जातात, प्रत्येकी ८ डॉट घेऊन. पण प्रत्येक स्प्राइटच्या चार वाचनांपैकी दोन निरुपयोगी असतात. ती वगळली की १६ स्प्राइट त्याच वेळात बसतात, असे वाटते.

इथे घाई करू नये. १६ स्प्राइटांची यादी पुसायला १२८ आणि शोधायला २२४ असे ३५२ डॉट लागतील, तर हाताशी २५६ च आहेत. जुन्या पद्धतीने जेमतेम ९ बसतात. मात्र यादी पुसण्याऐवजी नोंदी मोजणारा लहानसा काउंटर ठेवला, तर १६ साठीचे २२४ डॉट सहज मावतात. किंमत दुसरीकडे मोजावी लागते: यादी ६४ बाइटांची होते, वाचलेले चित्र एकेक बिंदू करून पडद्याकडे सोडणारे शिफ्ट रजिस्टर दुप्पट लागतात आणि चिप महागते. घरगुती यंत्रासाठी मी १२ वर थांबेन. शोधाला २०० आणि वाचनाला ४८ डॉट लागतात, आणि वाचनाच्या वेळेत १६ डॉट मोकळे राहतात.

आराखडा नागपूरच्या टीव्हीसाठी असेल, तर पॅल या इथल्या टीव्ही-प्रसारण पद्धतीचा लाभ घ्यावा. जपानी यंत्रात दोन चित्रांमधली मोकळीक २० ओळींची, म्हणजे प्रोसेसरच्या सुमारे २,२७० चक्रांची असते. निन्टेन्डोच्या पॅल यंत्रात ती ७० ओळींची, सुमारे ७,४६० चक्रांची होते, आणि तेवढ्यात पार्श्वभूमीचा मोठा भाग बदलता येतो. मोठ्या चिपसाठी खोक्याला हवेच्या खाचाही हव्यात, कारण इथला मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो.

शेवटी ओपन सोर्स एम्युलेटरच्या, म्हणजे संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कोडमध्ये हा एकच बदल करून जुने गेम चालवून पाहावेत. काही गेम स्प्राइट लपवण्यासाठी ८ ची मर्यादा मुद्दाम वापरतात, त्यामुळे नव्या चिपमध्ये जुनी मर्यादा पुन्हा लागू करणारा एक बिट ठेवावा, आणि यंत्र सुरू होताना ती मर्यादा लागू असावी.