घरातलं शिसं शोधताना या चुका टाळा: ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या फ्लॅटसाठी

शिशाची तपासणी म्हटलं की पहिलं बोट हॉलच्या भिंतीकडे जातं. पण आपल्याकडे भिंतीवर बहुधा चुना, डिस्टेंपर नाहीतर पाण्यात मिसळणारा रंग असतो आणि त्यात शिसं सापडायची शक्यता कमी. शिसं येतं ते ऑइल पेंटमधून. म्हणजे खिडकीचं लोखंडी ग्रील, मुख्य दाराची चौकट, सेफ्टी डोअर, गॅलरीचा कठडा, जिन्यात कमरेपर्यंत मारलेला गडद पट्टा आणि लहान मुलाचा जुना रंगवलेला पाळणा. पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा हे रंग आधी तपासावेत, कारण त्यांच्यासाठी शिशाचं क्रोमेट वर्षानुवर्षं वापरलं गेलं. खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत ग्रील दर दोन-तीन वर्षांनी रंगवावंच लागतं. त्यामुळे वाशीतल्या सिडकोच्या जुन्या घरांत किंवा नौपाडा-कोपरीतल्या इमारतींत एकेका ग्रीलवर रंगाचे आठ-दहा थर सहज निघतात.

इमारतीच्या वयावरून निकाल लावणं

इंटरनेटवर वाचून “आमची बिल्डिंग १९७८ नंतरची आहे, काळजी नाही” असं म्हणणारे भेटतात. १९७८ हे साल अमेरिकेतल्या बंदीचं आहे. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको, हा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून प्रश्न इमारत कधी बांधली हा नाही, रंग कधी मारला आणि कुठला मारला हा आहे. हा नियम औद्योगिक रंगांना लागू नाही, आणि ग्रील बनवणारा फॅब्रिकेटर आपल्या शेडमध्ये जो डबा उघडतो तो बऱ्याचदा औद्योगिक असतो. म्हणजे गेल्या वर्षी बसवलेलं नवं ग्रीलही आपोआप सुटत नाही. डब्यावर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख आहे का, ते आधी बघा. सुटा रंग घेऊच नका.

याच्या उलटही चूक होते. लोखंडावरचा तांबूस रेड ऑक्साइड प्रायमर दिसला की शिसं, असं ठरवून टाकतात. रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचा ऑक्साइड. शिशाचा लाल प्रायमर वेगळा, पण दिसायला जवळपास तसाच. डोळ्यांनी फरक कळत नाही, तपासावंच लागतं.

आणखी एक गैरसमज सोसायटीच्या सभेत हमखास ऐकू येतो: “स्ट्रक्चरल ऑडिट झालंय, त्यात सगळं आलं.” त्यात काँक्रीट आणि सळया येतात. शिसं येत नाही.

कापसाच्या काडीवर भरवसा ठेवणं

शिसं तपासायच्या कापसाच्या काडीच्या ऑनलाइन मिळणाऱ्या किटमध्ये सहसा ऱ्होडिझोनेट नावाचं रसायन असतं, शिसं लागलं की ते गुलाबी-लाल होतं. लाल रंगाच्या दारावर काडी घासली तर दाराचाच रंग उतरून काडी लाल होते. गिलाव्याची किंवा पीओपीची धूळ लागली तर शिसं असूनही रंग येत नाही. पिवळ्या क्रोमेटवर प्रतिक्रिया फार हळू, कधी होतही नाही. सल्फाइडवाली किट शिशावर काळी पडते, पण गंजलेल्या लोखंडावरही काळपट होते, मग ग्रीलवर तिचा उपयोग काय? वरच्या थरात शिसं नसेल आणि खालच्या तिसऱ्या थरात असेल तर काडीला पत्ताच लागत नाही. किट वापरायचीच असेल तर ब्लेडने तिरका खाच देऊन सगळे थर उघडे करा, आणि “नाही” असं उत्तर आलं तरी ते अंतिम मानू नका.

एक्सआरएफ मशिन चुकीच्या मोडवर चालवणं

हातात धरायचं एक्सआरएफ मशिन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) सोन्याच्या पेढीत आणि स्टीलच्या गोदामात दिसतं, तेच भाड्याने आणून घर तपासून देणारे आहेत. मिश्रधातूच्या मोडवर रंगाचा पातळ थर मोजला तर आकडा निरर्थक येतो. रंगासाठी वेगळा मोड लागतो आणि उत्तर मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये येतं. काम सुरू करताना, दर चार तासांनी आणि शेवटी प्रमाणित फिल्मवर (जिच्यातलं शिसं आधीच माहीत असतं) मशिन तपासून घेतलं का, ते विचारा आणि त्या नोंदी मागा.

ग्रीलची खरी अडचण तिच्या जाडीची. १० किंवा १२ मिलिमीटरची चौकोनी सळई मशिनची खिडकी पूर्ण झाकत नाही, मग आकडा कमी दिसतो. अशा ठिकाणी ग्रीलच्या पट्टीचा रुंद भाग शोधा, किंवा सरळ रंगाचा पोपडा काढून प्रयोगशाळेत पाठवा. साधारण ५ × ५ सेंटिमीटर भागातले सगळे थर लोखंडापर्यंत खरवडायचे, पण गंज किंवा लाकडाचा भुसा सोबत येऊ द्यायचा नाही. तो मिसळला की वजन वाढतं आणि टक्केवारी खोटी खाली येते. मशिन चालू असताना पातळ पार्टिशनच्या पलीकडे कुणी बसलेलं नको, किरण आरपार जातात.

नुसता रंग तपासून धूळ सोडून देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. शाबूत, न सोललेला रंग स्वतःहून फारसं काही करत नाही. रोज घासणारी खिडकी, चौकटीत अडकणारं दार, पावसाळ्यानंतर सुटलेले पोपडे यांची भुकटी होते, ती कट्ट्यावर आणि फरशीवर बसते, तिथून रांगत्या मुलाच्या हाताला आणि तोंडात. शिसं आहे का हा प्रश्न रंगाचा, धोका आहे का हा प्रश्न धुळीचा.

धूळ तपासतात ती वाइपने, म्हणजे ओल्या पुसणीने ठरावीक जागा पुसून. दोन बीएचकेला ६ ते ८ वाइप पुरतात: मूल झोपतं त्या खोलीची फरशी आणि खिडकीचा कट्टा, हॉलची फरशी आणि कट्टा, स्लायडिंग खिडकीचा ट्रॅक, मुख्य दाराच्या आतल्या बाजूची फरशी. शिवाय एक कोरा वाइप, जो फक्त उघडून तसाच डबीत टाकायचा. बाजारातले सुगंधी बेबी वाइप चालत नाहीत, प्रयोगशाळेकडूनच घ्या. फरशीवर ३० × ३० सेंटिमीटरची चौकट टेपने आखा. आधी डावीकडून उजवीकडे नागमोडी पुसा, वाइप आत दुमडा, मग वरून खाली, पुन्हा दुमडून कोपरे. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. वाइप प्लास्टिकच्या पिशवीत नाही, कडक झाकणाच्या नळीत.

नमुना कधी घ्यायचा यावर निकाल ठरतो. दिवाळीच्या साफसफाईच्या दुसऱ्या दिवशी घेतलेली धूळ काहीच सांगत नाही. घर नेहमीसारखं वापरात असताना, सकाळची फरशी पुसण्याआधी घ्या.

एकक आणि क्षेत्रफळाचा घोळ

घरातल्या धुळीसाठी वेगळी भारतीय मर्यादा नाही, म्हणून अमेरिकेच्या ईपीएचे (तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे) आकडे वापरतात. २०२४ मध्ये ते आणखी खाली आले: फरशीवर ५, खिडकीच्या कट्ट्यावर ४० आणि ट्रॅकमध्ये १०० मायक्रोग्रॅम प्रति चौरस फूट. प्रयोगशाळा मात्र बहुधा “प्रति वाइप” आकडा देते. तुमचा कट्टा ६० × १० सेंटिमीटर असेल तर तो ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.६५ चौरस फूट. अहवालात ३० आलं की “४० पेक्षा कमी” म्हणून सोडून देतात, प्रत्यक्षात ते ३० भागिले ०.६५, म्हणजे चौरस फुटाला ४६ आहे. प्रयोगशाळा फरशीचे ५ मायक्रोग्रॅम मोजू शकते का, हेही नमुने देण्याआधी विचारा. अहवालात “१० पेक्षा कमी” एवढंच येणार असेल तर तो फरशीसाठी निरुपयोगी.

पोपड्याच्या अहवालातही गल्लत होते. ९० पीपीएम ही डब्यातल्या नव्या रंगाची मर्यादा. जुन्या थरांसाठी अमेरिकेत ५००० पीपीएम, म्हणजे ०.५ टक्के, ही कायद्याची रेषा आहे (एक्सआरएफवर १ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर). पण ही सुरक्षिततेची रेषा नाही. २००० पीपीएमचा रंग कोरडा घासला की धूळ पुरेशी विषारी होते.

रंगाऱ्याला नेहमीसारखं काम करू देणं

कोरडा पॉलिश पेपर, ग्राइंडर, ब्लो-लँप: तिन्ही बंद. पेपर ओला करून घासा, खाली जाड प्लास्टिक अंथरा, मूल आणि गरोदर बाई घरात नको. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ मागच्या बाजूने परत हवेत सोडतो, अतिबारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टरवालाच हवा. काम आणि सफाई संपल्यावर निदान तासभर थांबून पुन्हा वाइप घ्या, त्याआधी पैसे चुकते करू नका. ग्रील काढून नवं बसवणं बऱ्याचदा घासण्यापेक्षा स्वस्त पडतं. काढलेली जुनी चौकट बंबात किंवा होळीत जाळू नका, धुरातून शिसं पसरतं. भंगारवाला गॅस कटरने तुकडे करणार असेल तर ते सोसायटीच्या आवारात नको.

घर साफ, तरी मुलाच्या रक्तात शिसं

असं झालं तर घराची तपासणी चुकली असंच नाही. यादी दुसरीकडे वळवा.

देवघरातला पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड असतो, मारुतीला लावलेला हात नंतर थेट जेवणाला लागतो. सुरमा शिशाच्या सल्फाइडचा असू शकतो. सुटी हळद क्रोमेटने पिवळी केलेली सापडते. कल्हईत शिसं मिसळलेलं असलं तर पितळेच्या पातेल्यातलं आंबट सार सगळ्यात वाईट. काही रसौषधींमध्येही (धातूंच्या भस्मांची आयुर्वेदिक औषधं) शिसं असतं.

घरातलं कुणी बॅटरीच्या दुकानात, सोल्डरिंगच्या कामाला किंवा टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या धातूच्या कारखान्यात असेल तर कपडे आणि बूट बाहेरच, धुणं वेगळं. शेजारच्या विंगचं पुनर्विकासाचं तोडकाम चालू असेल तर खिडकीच्या कट्ट्याचा वाइप पुन्हा घ्या. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ग्रीलखालच्या मातीचा वरचा सेंटिमीटरभर थर तपासावा, मुलं तिथेच खेळतात.

पाण्याचा नमुना रात्रभर न वापरलेल्या स्वयंपाकघरातल्या नळाचा पहिल्या धारेचा घ्या. नळ मिनिटभर सोडून भरलेली बाटली चुकीचं समाधान देते. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम.

रक्ताची चाचणी बोटातून केली आणि आकडा जास्त आला तर शिरेतून पुन्हा करा, बोटावरच्या धुळीने आकडा फुगतो. जागतिक आरोग्य संघटना ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपासून स्रोत शोधायला सांगते, अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी ३.५ पासून. लक्षणांची वाट बघू नका, या पातळीवर मूल ठणठणीत दिसतं. स्रोत काढल्यावर आठवड्याभरात पुन्हा चाचणी करून उपयोग नाही. रक्तातलं शिसं अर्धं व्हायलाच साधारण महिना लागतो आणि हाडांत साठलेलं त्यानंतरही झिरपत राहतं. पुढची चाचणी कधी ते बालरोगतज्ज्ञांशी ठरवा, आणि सोबत हिमोग्लोबिन व लोहाचीही करून घ्या, कारण लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं.