पोर्थकर्नोचे तारसंग्रहालय पाहण्यापूर्वीची तयारी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी, कॉर्नवॉलमधील पोर्थकर्नो येथे समुद्राखालून तारसंदेश वाहून नेणाऱ्या तारांचे संग्रहालय आहे. १८७० साली मुंबईला लंडनशी जोडणाऱ्या सागरी तारमार्गाचे ब्रिटिश टोक याच किनाऱ्यावर आले असल्याने मराठी प्रवाशाने तिथे थोडा अभ्यास करूनच जावे, असे मला मनापासून वाटते.

प्रथम नकाशा घ्यावा आणि त्यावर पोर्थकर्नो, लिस्बनजवळचे कार्काव्हेलोस, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, सुएझ, एडन आणि मुंबई ही ठिकाणे क्रमाने शोधून ठेवावीत.

त्यानंतर मोर्स लिपीतील, म्हणजे टिंब आणि रेघ यांनी अक्षरे दाखवणाऱ्या तारसंदेशांच्या लिपीतील, निदान आठ-दहा अक्षरे पाठ करावीत. जमिनीवरील तारायंत्रात रेघ टिंबाच्या तिप्पट लांब असते, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. सागरी तारेत मात्र दोन्हींचा काळ सारखाच असून विद्युतप्रवाहाची दिशा तेवढी उलटी केली जात असे. त्यामुळे शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांच्या सायफन रेकॉर्डर या संदेश नोंदवणाऱ्या यंत्रातील काचेची बारीक नळी कागदी पट्टीवर शाईची जी नागमोडी रेषा ओढते, तिच्यात टिंब मधल्या रेषेच्या एका बाजूला आणि रेघ दुसऱ्या बाजूला उमटते. हे आधी समजून घेतले नाही, तर ती पट्टी नुसती वेडीवाकडी दिसते. समजले, की एस (तीन टिंबे) म्हणजे एकाच बाजूच्या तीन लाटा आणि ओ (तीन रेघा) म्हणजे विरुद्ध बाजूच्या तीन, हे आपले आपल्याला वाचता येते. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच सर्वांत मोलाची.

तारेवरील वेष्टणासाठी वापरलेल्या गटापर्चा या झाडाच्या चिकाविषयी आणि १८५८ ची अटलांटिक तार काही आठवड्यांतच का बंद पडली, याविषयीही वाचून जावे.

राहिली प्रवासाची व्यवस्था. पेन्झन्स हे जवळचे रेल्वेस्थानक असून तेथून पुढे बसने जाता येते; संग्रहालय उघडे असण्याचे वार आणि वेळा निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून तारकेंद्र वाचवण्यासाठी ग्रॅनाइटमध्ये खोदलेले बोगदे पाहायचे असल्याने अंगात उबदार कपडा असावा. पायांत मजबूत बूट हवेत, कारण समुद्रातून आलेल्या तारा जिथे जमिनीवरील तारांना जोडल्या जात, ती किनाऱ्यावरील झोपडी पाहायला पायी उतरावे लागते, आणि जिथे तारा समुद्रातून वर येत, ती जागा पाहिल्याशिवाय परतू नये.