मैफलीच्या अनधिकृत ध्वनिमुद्रणाचे परीक्षण कसे करावे

आपण नेमके काय ऐकत आहोत, हे आधी निश्चित करावे. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा २१ जून १९७७ रोजी कॅलिफोर्नियातील इंगलवूडच्या ‘फोरम’मध्ये झालेला कार्यक्रम माइक मिलार्ड या श्रोत्याने प्रेक्षकांत बसून नाकामिची ५५० या कॅसेट रेकॉर्डरवर टिपला, त्यामुळे त्याची तुलना कार्यक्रमाच्या मिक्सरमधून (सर्व माइकांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून) थेट घेतलेल्या, टाळ्यांचा आवाज जवळजवळ नसलेल्या मुद्रणाशी करणे अन्यायाचे ठरते. आपल्या हाती आलेली प्रत मूळ कॅसेटपासून कितवी, हेही कळल्यास नोंदवावे, कारण प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढते आणि झांजांची धार बोथट होते.

मग हेडफोन लावून, मध्ये न थांबता, सारे ऐकावे. टेप जलद फिरली असेल तर सूर चढतो आणि गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज पातळ भासतो. हातात नीट लावलेली गिटार असेल तर हा फरक लगेच पकडता येतो.

वादनाविषयी लिहिताना भक्तिभाव बाजूला ठेवावा. या मुद्रणात जॉन बॉनमच्या ड्रमचा ठोका सभागृहाच्या घुमाऱ्यातूनही सुटा आणि भरीव ऐकू येतो, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल तेथेच आहे; तरीही गिटारवादक जिमी पेजची बोटे जेथे अडखळतात, ते स्पष्ट लिहावे.

कॅसेट पालटताना तुटलेली जागा मिनिट-सेकंदासह सांगावी. ती दुसऱ्या मुद्रणातून सांधली असेल, तर श्रोत्यांचा गलका तेथे एकाएकी बदलतो.